सुभेदारांच्या मिनीला गवताचे टायर

आमच्याकडं बैलगाडीच्या शर्यतीत माइकवरून कुणाचंही नाव पुकारतात. मांडव कुणी घातला, टँकर कुणाचा, बर्फ कुणी आणला, कुणाच्या जीपनं कुणाचा टेम्पो अडवून ठेवलाय, कुणाची एकच चप्पल सापडलीय. एका मैदानात हरवलेल्या शेळीच्या मालकाचं नाव मी इतक्या वेळा ऐकलं की आज तो रस्त्यात भेटला तर ओळख देईन. आणि त्याच मैदानात, ज्या दिवशी पुकारायला पाहिजे होतं त्या दिवशी, माझं नाव माइकवरून पुकारलं नाही. ठरलेलं असताना पुकारलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'टायरच्या धंद्यातले अनुभव लिहा' म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं असेल, मी ट्रकचं लिहीन, ट्रॅक्टरचं लिहीन, हंगामात उसाच्या गाड्यांचे टायर फुटतात त्याचं लिहीन. तेही पुष्कळ आहे. पण माणसाला जे सलतं ते आधी बाहेर येतं. म्हणून मी दोनच टायरबद्दल लिहितो. दोन्ही मिळून एका बुट्टीत मावले असते.

माझं दुकान सांगलीत, मिरजेच्या रस्त्याला. मूळचा मी फलटणकडचा. सांगलीत आलो तेव्हा टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि एक पायपंप एवढं भांडवल होतं. आता दोन गाळे आहेत. मधलं सांगत बसत नाही, कारण मधल्या काळात मी मुख्यतः भांडत होतो. कंपनीच्या माणसाशी कमिशनसाठी, गाळेमालकाशी भाड्यासाठी आणि गिऱ्हाइकाशी सवयीनं. लोक म्हणतात, शेठ लवकर तापतो. टायरसुद्धा तापतो. न तापणारा टायर बघायचा असेल तर तो दुकानातच लटकलेला असतो.

नवख्या माणसासाठी धंद्यातली एकच गोष्ट सांगतो, पुढं लागणार आहे. टायरच्या अंगावर आकडे असतात. पहिला आकडा जाडीचा. शेवटचा आकडा भोकाचा, म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचात. गिऱ्हाईक घरून पट्टी लावून येतं ते बाहेरून मोजून येतं. स्कूटीवाला येतो आणि छातीठोकपणे सांगतो, 'सोळाचा द्या.' सोळाचा दिला तर त्याला टायरला बसेल अशी दुसरी गाडी घ्यावी लागेल. मी पहिली काही वर्षं समजावून सांगत होतो. नंतर नुसताच 'गाडी आणा' म्हणायला लागलो.

तर एका सकाळी मी गल्ल्यावर बसलो होतो आणि रस्त्यावरून एक माणूस जमिनीवर बसल्या-बसल्या माझ्याकडं येताना दिसला.

मला आधी तसंच दिसलं. सहा फुटांचा गडी, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, गुडघे कानांच्या बरोबरीला आणि ढुंगण रस्त्यापासून हातभर वर. फवारणीच्या पंपासारखा आवाज येत होता. चौकातला हवालदार शिट्टी तोंडात धरून नुसता बघत होता. वाजवायची कुणाला, हे त्याला कळत नसावं. गडी दुकानापुढं थांबला, उभा राहिला, आणि तेव्हा त्याच्या पायांमधून गाडी दिसली. मिनी बाइक. पोरं बंगल्याच्या आवारात फिरवतात ती. दोरी ओढून चालू करायची, सहा इंची चाकं.

"दोन टायर पायजेत," तो म्हणाला.

"पोरगं कुठाय?"

"कुणाचं?"

"गाडी ज्याची आहे ते."

"गाडी माझी हाय. सुभेदार रंगराव. रिटायर."

मी खाली वाकून टायर बघितला. मागच्यात हवा नव्हतीच. ट्यूबही नव्हती. आत ठासून उसाचं पाचट भरलेलं होतं. फाटक्या कडेतून पानं बाहेर आली होती. आयुष्यात मी टायरमध्ये चिंध्या बघितल्या आहेत, वाळू बघितली आहे, एकदा जिवंत पाल बघितली आहे. पाचट पहिल्यांदाच बघितलं.

"ह्याच्यावर गावाकडनं आलात?"

"गावाकडनं टेम्पोतनं आनली. तुमच्या गल्लीच्या तोंडाला उतरवली. दुकानात गाडी चालवत यायचं, उचलून आनायची न्हाई, असा आपला नियम हाय."

मग चहा सांगावाच लागला. चहाबरोबर जी हकिकत निघाली ती अशी.

सुभेदारांचं गाव सातारा जिल्ह्यात. नाव लिहीत नाही, तिथल्या जत्रेच्या कमिटीत अजून तीच माणसं आहेत. सुभेदारांनी पेन्शनीवर बैलजोडी पाळली होती. एका बैलाचं नाव कॅप्टन, दुसऱ्याचं मेजर. "नोकरीत ज्यास्नी सॅल्यूट ठोकला, त्यास्नी आता वैरण घालतो. आन ते आयकत्यात," असं त्यांचं म्हणणं. जत्रेत शर्यत होती. बॅनरवर छापलं होतं : प्रथम क्रमांक, दुचाकी. शेजारी एका दणकट मोटरसायकलचं चित्र. कॅप्टन-मेजरनी मैदान मारलं. संध्याकाळी बक्षिसावरचं कापड काढलं तर खालून ही निघाली. कापड काढायच्या आधी लोकांना वाटत होतं की तिथं शिलाई मशीन ठेवलंय.

सुभेदारांनी विचारलं, हे काय? कमिटीचे अध्यक्ष बबनराव म्हणाले, "चाकं मोजा. दोन हायती का न्हाईत?"

दोन होती. तिथं सुभेदार अडकले. पण लष्करी डोकं. ते म्हणाले, ठीक आहे, मग मी हीच चालवणार. त्या दिवसापासून सुभेदार ग्रामसभेला मिनीवर. रेशनला मिनीवर. दोन्ही बाजूला कॅन बांधून डेअरीला मिनीवर. लग्नात नवरदेवाच्या घोड्यामागं मिनीवर. सावडायला जाताना सुद्धा मिनीवर, फक्त तिथं ती लांब बंद करून ढकलत नेत. बबनराव कुठं भाषणाला उभे राहिले की समोर पहिल्या रांगेत सुभेदार खुर्ची नाकारून मिनीवर बसलेले. सबंध पंचक्रोशी हसायला लागली, आणि हसू बबनरावांच्या अंगावर जात होतं. हाच सुभेदारांचा डाव होता.

"मग आता अडचण काय आहे?"

"मान," सुभेदार म्हणाले.

त्या मैदानाची एक रीत आहे. गेल्या सालच्या विजेत्यानं जिंकलेल्या बक्षिसासकट मैदानाला वेढा घालायचा आणि सुटायच्या रेषेवर नारळ फोडायचा. त्याशिवाय पहिली फेरी सुटत नाही. ज्यानं ट्रॅक्टर जिंकला तो ट्रॅक्टरवर आला. ज्या साली बक्षीस म्हैस होती त्या साली मानकरी म्हशीवर बसून आला आणि वेढा घालायला दुपार झाली, तरी लोक थांबले. पण वाहन मधेच बंद पडलं किंवा आलंच नाही, तर मान कमिटीच्या अध्यक्षाला जातो. बबनराव त्याच्यावरच डोळा ठेवून होते. टायर फाटले हे त्यांना कळलं होतं. गावात सांगत फिरत होते, "सुभेदाराची मिनी मेली. औंदा नारळ मी फोडणार."

जत्रा तोंडावर आली होती. सुभेदारांनी मोबाइलवरून टायर मागवून बघितले होते. मापाच्या रकान्यात सहा भरलं. आलं ते बाहेरून सहा इंच होतं, खेळण्यातल्या गाडीचं. ते त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून गोठ्याच्या दाराला बांधलं.

"लोक म्हनत्यात, सांगलीत तुमच्याकडं न्हाई तर कुठंच न्हाई."

आता हे वाक्य गिऱ्हाइकानं माझ्यापुढं म्हणू नये. माझ्याकडं तो टायर नव्हता. पण 'नाही' म्हणायचं तर आयुष्यभर ज्यांच्याशी भांडलो त्या सगळ्यांना काय वाटेल? मी म्हणालो, "गाडी ठेवून जा."

"गाडी ठिवत न्हाई. मी हितंच बसतो."

ते माझ्याकडं चार दिवस राहिले. रात्री मागच्या गाळ्यात ट्रकच्या टायरांच्या चवडीवर झोपायचे. पहाटे उठून मिनी पुसायचे. गिऱ्हाइकांना रांगेत उभं करायचे. मला सांगायला हरकत नाही, त्या चार दिवसांत धंदा चांगला झाला.

पहिला टायर मी द्राक्षबागेच्या औषध फवारणीच्या गाडीचा आणला. भोक बरोबर सहा इंच. बसला झकास. पण ती गाडी माणूस चालत-चालत ओढतो. तिचा टायर चालण्याच्या वेगाचा. मी सुभेदारांना सांगितलं, हळू जा. सुभेदारांना हळू माहीत नाही. चौकापर्यंत गेले आणि तिथं वळताना टायर रिमवरून निसटला, एकटाच पुढं गेला, आणि गूळवाल्या अडत्याच्या ओसरीवर चढून आडवा पडला. अडत्यानं तो परत द्यायला मला अर्धा तास लावला. त्याचं म्हणणं, ओसरीवर आलेला माल त्याचा. तो माझ्या तोडीचा माणूस आहे.

दुसरा टायर हिलस्टेशनवरून मागवला. तिकडं पर्यटकांच्या पोरांना चार चाकी छोट्या गाड्यांवर बसवून फिरवतात, त्यांचा. भोक सहाच. पण जाडीचा आकडा मोठा. सुभेदारांना तो बघूनच आवडला, "आता कशी मानसाची गाडी वाटती." मी सांगितलं, जाड टायर साखळीला घासणार. ते म्हणाले, घासून-घासून बसंल. गल्लीला एक फेरी मारून आले तेव्हा मागं धूर होता आणि साखळीनं टायरची कड सुरीनं काढावी तशी काढली होती. जाड टायर घालून गाडी मोठी होत नाही, हे मी धंद्यात किती जणांना सांगितलं असेल. पण मोठं दिसायचं वेड वाईट. मोटरसायकलवाल्या पोरांनाही ते असतं. सुभेदार तर त्या रोगाचे शिकार नव्हते, त्यांना मुद्दाम लहान दिसायचं होतं, तरी जाड टायर बघून भुलले.

तिसरा मिरजेहून. दवाखान्याच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे. त्यानं करड्या रंगाचे सुंदर टायर दाखवले. फरशीवर डाग पाडत नाहीत, आवाज करत नाहीत. वजनाला पक्के. माझ्या मतानं तिथंच विषय संपला होता.

सुभेदारांनी त्याला विचारलं, "हे कशाच्या गाडीचं?"

"पेशंट न्यायच्या."

"जित्ता का मेलेला?"

तो माणूस प्रामाणिक. म्हणाला, "दोन्ही."

"मानाच्या गाडीला मेलेल्याचं टायर? चला शेठ."

मी भडकलो. म्हणालो, "टायरला काय कळतंय वर कोण आहे?"

"टायरला न्हाई कळत. गावाला कळतंय. बबन्या माइकवरनं सांगंल, सुभेदार तिरडीच्या चाकावर आला."

रबर, जाडी, वजन, वेग हे सगळं मला येतं. पण टायर निवडताना बबन्या माइकवरून काय म्हणेल, हेही बघावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

चौथा टायर मला आठवला तो असाच, चिडून परत येताना. एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाउसला मोठी हिरवळ होती. तिच्यावर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र त्यांनी आणलं होतं. यंत्र आलं त्या वर्षी दुष्काळ पडला, हिरवळ गेली, यंत्र गोदामात गेलं. पुढच्या चाकांचे जादा टायर खोक्यातच होते. तिथल्या स्टोअरकीपरशी मी दोन तास घासाघीस केली. त्याला ते टायर कशाचे आहेत हेच माहीत नव्हतं आणि मी ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. भोक सहा इंच. जाडी मिनीला पाहिजे तेवढी. वजनाचा आकडा सुभेदारांना, त्यांच्या फेट्याला आणि नारळाला पुरून उरणारा. अंगावर बनल्याचा आठवडा आणि साल होतं, रबर जुनं नव्हतं. नखानं दाबलं तर अजून दबत होतं.

सुभेदारांनी टायर हातात फिरवला. "हे नक्षी अशी चपटी का?"

"गवताला लागू नये म्हणून. हिरवळ दबत नाही, उपटत नाही."

"म्हंजी गवताला जपनारं टायर."

"हो."

"बैलांच्या मैदानात, गवताला जपनारं."

"हो, सुभेदार. का, गवताचं आणि तुमचं भांडण आहे काय?"

ते नक्षीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "न्हाई. गवताचं आन बैलाचं नातंच हाय. चाललं."

आता भाव. तिथं खरी लढाई झाली. मी आकडा सांगितला. सुभेदार म्हणाले, कँटीनमध्ये निम्म्यात येईल. मी म्हणालो, कँटीनमध्ये गवताचे टायर ठेवतात काय, रमच्या शेजारी? ते म्हणाले, मी सीमेवर होतो. मी म्हणालो, मी ह्या रस्त्यावर आहे आणि इथं जास्त ट्रक येतात. ते उठून गेले. पुन्हा पाचटाचे जुने टायर चढवलेल्या मिनीवर गेले, त्यामुळं त्यांचं रागानं जाणं बराच वेळ दिसत राहिलं. परत आले. मी टायर आत ठेवून दिले होते. पुन्हा बाहेर काढले. शेवटी ते म्हणाले, "शेठ, पैशाचं सोडा. तुमाला काय पायजे ते सांगा."

मी सांगितलं. माझ्या दुकानाची पाटी मी स्वतः रंगवली आहे. सत्कार, शाल, नारळ असलं मला कुणी कधी दिलं नाही. व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात माझ्या नंतर दुकान टाकलेल्यांना पहिल्या रांगेत बसवतात, कारण मी तिथं खुर्च्यांच्या भाड्यावरून बोललो होतो. मी म्हणालो, "भरल्या मैदानात माइकवरून तीन वेळा पुकारायचं. मिनीचे टायर, हणमंत टायर्स, सांगली. तीन वेळा. मग मी उतरतो."

"शब्द," सुभेदार म्हणाले आणि हात पुढं केला. मी उतरलो. इतका उतरलो की आजही सांगायची लाज वाटते.

टायर बसवणं हे वेगळं कौशल्य. त्या चाकाचा रिम दोन वाट्यांचा असतो, बोल्टनं जोडलेला. आतली हवा पूर्ण न काढता बोल्ट सोडला तर वाटी उडून माणसाच्या तोंडावर बसते. सुभेदारांच्या चाकात पाचट असल्यामुळं तो धोका नव्हता. पण सहा इंचांच्या चाकात हात जायला जागा नसते. सरळ व्हॉल्व्ह बसवला तर हवेची नळी लागतच नाही. म्हणून वाकड्या मानेचा व्हॉल्व्ह लागतो, बाहेर तोंड केलेला. तो मी शोधून घातला. हे बारीकसारीक मी मुद्दाम लिहितो आहे. माइकवरून कुणी सांगितलं नाही, निदान छापून येऊ दे.

जत्रेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. गिऱ्हाइकासाठी दुकान बंद ठेवल्याची माझी ती पहिली वेळ. बरोबर पायपंप घेतला. मैदान गच्च भरलेलं. छकडे म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाड्या, एका बाजूला ओळीनं लागलेल्या. स्टेजवर मन्सूरभाई माइक धरून. मन्सूरभाईंचा आवाज आमच्या दोन्ही जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. त्यांच्या तोंडून नाव निघालं की माणूस वर्षभर ताठ चालतो. सुभेदारांनी त्यांना माझं काम सांगून ठेवलं होतं. मी स्टेजसमोर बरोबर भोंग्याखाली जागा धरली.

तेवढ्यात बबनरावांनी मन्सूरभाईंच्या हातून माइक घेतला. त्यांच्या दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. मिनी बंद पडेल ह्या आशेनं आणलेला. पण मिनी पलीकडच्या टोकाला नवे टायर घालून उभी होती आणि ती त्यांना दिसत होती. माणूस हुशार. वारं फिरलेलं बघून तोही फिरला. म्हणाला :

"मंडळी, आपल्या विजेत्याची गाडी बंद पडल्याली. ही कमिटी विजेत्याला वाऱ्यावर सोडत न्हाई. सांगलीवरनं नवे टायर आनून घातल्यात. कमिटीच्या सौजन्यानं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या डोक्यात जे झालं ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. पंप हातात घेऊन मी स्टेजच्या पायऱ्या चढायला लागलो. पलीकडं सुभेदारांनीही ऐकलं होतं. वर्षभर ज्या गाडीवर बसून त्यांनी अध्यक्षांची इज्जत काढली, तीच गाडी टाळ्यांमध्ये अध्यक्षांची झाली होती. त्यांनी दोरी ओढली. एकदाच. मिनी सुरू झाली.

आता इथं सांगायची एक गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. सुभेदार रोज पहाटे मिनीवर पुढं राहून कॅप्टन-मेजरला आपल्या मागं पळवायचे. सराव म्हणून. त्या जोडीच्या डोक्यात मिनीचा आवाज म्हणजे 'सुटा' असा हुकूम होता. फवारणी पंपासारखा तो आवाज मैदानात झाला, आणि छकड्याला जुंपून उभी असलेली ती जोडी कासरा धरणाऱ्याला खाली बसवून सुटली.

पुढं सुभेदार, एका हातात नारळ. मागं मोकळा छकडा घेऊन कॅप्टन आणि मेजर. सुभेदारांना थांबता येईना. थांबले तर बैल अंगावर. स्टेजपुढं धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारून नुसता चिखल केलेला. तिथं वळायचं होतं. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. मला तेव्हा ना सुभेदार दिसत होते, ना बैल. मला फक्त पुढचा टायर दिसत होता. दुसरा कुठलाही टायर तिथं घसरला असता. फवारणीवाला निसटला असता, जाड्या साखळीत अडकला असता. गवताच्या टायरनं चिखल असा धरला की एक थेंब उडाला नाही. मिनी वळली. बैलही वळले, पण जरा लांबून, स्टेजच्या खांबाला लागून. बबनराव माइक टाकून टँकरवर चढले. नारळाची पिशवी त्यांनी सोडली नाही, हे कबूल करावं लागेल.

मन्सूरभाईंनी जमिनीवरचा माइक उचलला. समोर छकडा पळताना दिसला की त्यांच्या तोंडाला थांबता येत नाही, जन्माची सवय. "आली, आली, आली, सुभेदारांची मिनी फुडं, कॅप्टन-मेजर मागं, मिनी फुडं, अर्ध्या शिंगाचं अंतर, मिनी, मिनी, मिनी..." झेंडेवाल्यानंही सवयीनं झेंडा टाकला. "एक नंबर मिनी बाइक. दोन नंबर कॅप्टन-मेजर. दोन्हीचे मालक सुभेदार रंगराव."

वेढा पुरा करून सुटायच्या रेषेवर सुभेदार थांबले. बैलही थांबले आणि मागचा टायर हुंगायला लागले. सुभेदारांनी उतरून नारळ फोडला. पहिल्याच दणक्यात फुटला. मैदान उठून उभं राहिलं. मान ज्याचा त्याला मिळाला, आणि टँकरवरून तो बबनरावांना सगळ्यात चांगला दिसला.

त्यानंतर मन्सूरभाईंनी नावं पुकारली. कॅप्टनचं, मेजरचं, कासरा धरून खाली बसलेल्याचं, झेंडेवाल्याचं, ज्याच्या टँकरवर अध्यक्ष चढले त्याचं. नारळ कुणाच्या दुकानातला तेही. टायरचं नाव आलं तेव्हा म्हणाले, "कमिटीच्या सौजन्यानं."

पुढच्या वर्षीच्या बॅनरवर दुचाकीपुढं कंसात 'मोठी' असं छापलेलं मी डोळ्यांनी बघितलं. म्हणजे सुभेदारांचं काम झालं. माझं राहिलं.

त्या दिवशी नावं पुकारून झाल्यावर मी स्टेजवर गेलो. मन्सूरभाई म्हणाले, "शेठ, तुमचं बरोबर हाय. पर अध्यक्षांचा हुकूम हाय. देणगीशिवाय नाव न्हाई."

"माझ्याच टायरला माझं नाव लावायला मी पैसे देऊ?"

"एक हजार एक. दिलं की आत्ता पुकारतो."

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? पैसे देईल. मी म्हणालो, "एकशे एक."

मन्सूरभाई फेऱ्यांच्या मधे-मधे खाली उतरले. मी फेऱ्यांच्या मधे-मधे वर चढलो. सेमी फायनल झाली तेव्हा आमच्या आकड्यांत थोडं अंतर होतं. फायनल सुटली तेव्हा अगदी थोडं. ते म्हणाले, "आवं, लोक हायती तवर घ्या." मी म्हणालो, लोकांची भीती मला घालू नका. आयुष्यात शेवटच्या दहा रुपयांवर सोडून दिलेला सौदा मला आठवत नाही. तोही सोडला नाही. जुळलं तेव्हा मी त्यांना चांगलंच उतरवलं होतं.

तोपर्यंत बक्षिसं वाटून झाली होती. जनरेटरवाला जनरेटर टेम्पोत चढवत होता. भोंगे उतरवून झाले होते. मैदानात कागदाचे द्रोण, गारेगारवाल्याची रिकामी गाडी आणि छकडे भरणारी चार माणसं.

मन्सूरभाई शब्दाचे पक्के. मोकळ्या स्टेजवर उभे राहिले, दोन्ही हातांचा भोंगा केला, आणि नुसत्या गळ्यानं पुकारलं, "मिनीचे टायर, हणमंत टायर्स, सांगली." एकदा. मग दुसऱ्यांदा. आवाज काय होता. तो भरल्या मैदानात काय वाटला असता.

तिसऱ्या हाकेला टेम्पोत चढणाऱ्या मेजरनं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

खाली सुभेदार मिनी पुसत होते. डोकं वर न करता म्हणाले, "झाल्या का तीन? मग या खाली, शेठ. पंप आनलाच हाय तर फुडच्याची हवा बघा. कमी वाटतीया."